चाळीस वेळा पाच मीटर खाली

परवा दुपारी दुकानात होते तेव्हा लालबागहून एका बाईंचा फोन आला. ओळख ना पाळख, माझ्या नणंदेच्या मैत्रिणीने नंबर दिला म्हणाल्या. मुलगा एकोणीस वर्षांचा, गोविंदा पथकातला, सरावात चौथ्या थरावरून खाली आला, हाडबिड काही मोडलं नाही, सीटी स्कॅन नॉर्मल, आणि त्याला आता अडीच महिने झाले तरी पोराचं डोकं थांबत नाहीये. कॉलेजात बसवत नाही, ट्यूबलाइट सहन होत नाही, घरात कुणी भांडं जरी आपटलं तरी अंगावर ओरडतो. आणि मग एकदम रडवेल्या आवाजात, "ताई, तुम्ही त्या ऑक्सिजनच्या नळीत जाऊन बऱ्या झालात ना? मग आम्ही पण करू का? बांगड्या मोडायची तयारी आहे माझी."

मला हो पण म्हणवेना आणि नाही पण म्हणवेना. मी बरी झाले हे खरं, दाब वाढवून शुद्ध ऑक्सिजन देतात त्या नळीत मी चाळीस वेळा जाऊन आले हेही खरं, पण ह्या दोन खऱ्या गोष्टींच्या मधे जो "म्हणून" लागतो ना, तो लावताना माझी जीभ अडखळते. फोनवर पाच मिनिटांत हे कसं सांगणार. त्यांना म्हटलं रात्री लिहून पाठवते, आणि लिहायला बसले तर हे एवढं लांबलं.

माझं गिरगावात ठाकूरद्वारजवळ झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. २०२४ चा जुलै, संध्याकाळचे सात-साडेसात, पाऊस असा की समोरची इमारत दिसत नव्हती. पाणी आत येऊ नये म्हणून शटर अर्धं खाली ओढलं होतं, बाहेरचा बोर्ड आत घ्यायला वाकून बाहेर गेले, बोर्ड उचलला, आणि परत येताना घाईत एक पाऊल आधीच ताठ उभी राहिले. शटरच्या खालच्या लोखंडी पट्टीवर कपाळाच्या वरचा भाग असा काही आपटला की डोळ्यांपुढे सगळं पांढरं. बेशुद्ध नाही पडले, रक्त नाही आलं. सुपारीएवढं टेंगूळ आलं, शेजारच्या ज्यूसवाल्याने बर्फ दिला, आणि मी परत कामाला बसले कारण एका मंडळाची वर्गणीची पावतीपुस्तकं सकाळी द्यायची होती. त्या पुस्तकांवर खजिनदाराचं नाव दोनदा छापलं गेलं आणि अध्यक्षांचं आलंच नाही. सतरा वर्षं हे काम करतेय, अशी चूक माझ्या हातून कधी झाली नव्हती. रात्री दोनदा उलटी झाली तेव्हा हे उठून मला पालिकेच्या हॉस्पिटलात घेऊन गेले. स्कॅन झाला, नॉर्मल. तिथल्या तरुण डॉक्टरने नीट सांगितलं होतं की हे कन्कशन आहे, मेंदूला झटका बसलाय, दोन दिवस आराम करा आणि मग हळूहळू कामाला लागा. मी त्यातलं फक्त "नॉर्मल" ऐकलं.

सीटीमध्ये रक्तस्राव दिसतो, कवटीची चीर दिसते. कन्कशनमध्ये तसं काही नसतंच, बिघडतं ते काम. डब्यातलं पाणी हिंदकळावं तसा मेंदू आत हलतो, पेशींचं मिठाचं आणि रसायनांचं गणित विस्कटतं, ते जागेवर आणायला पेशींना जास्तीची ऊर्जा लागते आणि नेमका तेव्हाच रक्तपुरवठा कमी पडतो. बहुतेकांचं काही आठवड्यांत आपलं आपण सावरतं. ज्यांचं सावरत नाही त्यांच्यात मी होते.

स्क्रीनवरची अक्षरं हलायची. ऱ्हस्व-दीर्घ तपासायला डोळे ओळीवर ठेवले की ओळ पाण्यावर तरंगल्यासारखी, दहा मिनिटांत डोक्याच्या मागे ठणका आणि मळमळ. सरळ चालताना जमीन एका बाजूला कललेली. शब्द सापडायचे नाहीत, "झारा" म्हणायचं असायचं आणि मी हाताने गोल-गोल करत उभी. आणि त्यात सप्टेंबरमध्ये गणपती आले. आमची चाळ चौपाटीकडे जाणाऱ्या मिरवणुकीच्या रस्त्याला लागून. जन्मापासून ज्या ढोलताशासाठी गॅलरीत जागा धरून बसायचो त्या आवाजाने मी मोरीत दार लावून, कानात कापूस घालून, डोक्यावर ओला पंचा घेऊन बसले होते. अनंत चतुर्दशीला सासूबाई आत येऊन माझ्या पाठीवर हात ठेवून नुसत्या बसल्या, काही बोलल्या नाहीत. त्याआधी त्यांना वाटायचं मी कामाचा कंटाळा करतेय. कारण दिसतच नव्हतं ना काही. हाताला प्लास्टर असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं. "लागलंय कुठे पण?" हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेन. एका खाजगी डॉक्टरांनी तर माझं ऐकून न घेता वय विचारलं, एकेचाळीस म्हटल्यावर पाळीचं आणि टेन्शनचं असेल म्हणाले आणि झोपेची गोळी दिली. मी घरी येऊन दिवसभर रडले.

ऑक्टोबरमध्ये एक न्यूरॉलॉजिस्ट मॅडम भेटल्या आणि तिथून गाडी जरा रुळावर आली. त्यांनी एक कागद पुढे ठेवला, बावीस लक्षणं, प्रत्येकाला शून्य ते सहा मार्क द्यायचे, म्हणजे जास्तीत जास्त १३२. माझे ७१ आले. तो आकडा बघून मला बरंच वाटलं, खोटं का बोलू, कारण माझं दुखणं पहिल्यांदा कागदावर आलं होतं. मॅडमनी सांगितलं की अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं हे जुनं झालं, २०२२ मध्ये अॅमस्टरडॅमला ह्या विषयावरची जगभरातल्या तज्ज्ञांची परिषद झाली तिथेही हेच ठरलं की पहिले एक-दोन दिवस जरा आराम आणि मग त्रास फार वाढणार नाही इतपत हालचाल. मी अडीच महिने नेमकं उलटं केलं होतं, एक तर पडून राहायचे नाहीतर एका दिवसात सगळं काम उरकायला जायचे. त्यांनी फिजिओकडे पाठवलं. तिथे तोल सावरायचे व्यायाम, मान हलवताना भिंतीवरच्या अक्षरावर नजर ठेवायची, पेन्सिलचं टोक नाकाजवळ आणताना दोन्ही डोळे त्याच्यावर धरायचे. आणि रोज चौपाटीवर चालणं, डोकं दुखायला लागायच्या थोडं अलीकडे थांबायचं.

हे काम हळू चालतं. आणि मला घाई होती, मुलगी दहावीला, दुकानात ठेवलेला मुलगा अर्ध्या ऑर्डरी परत पाठवत होता. मग रात्री झोप येत नाही तेव्हा मोबाइलवर (जो बघायचा नव्हता) शोधत बसायचे, आणि तिथे हायपरबॅरिक ऑक्सिजन सापडलं, म्हणजे बंद चेंबरमध्ये दाब वाढवून ऑक्सिजन द्यायचा उपचार.

आधी चुकीच्या जागी गेले, ते सांगणं जास्त गरजेचं आहे. उपनगरातलं एक वेलनेस सेंटर. तिथे एक झिपवाली फुगवायची पिशवी असते, माणूस मावेल एवढी, त्यात झोपवतात आणि नाकाला कॉन्सन्ट्रेटरची, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या यंत्राची नळी. ब्लेझर घातलेला माणूस म्हणाला मेंदूच्या झोपलेल्या पेशी जाग्या होतात, शंभर टक्के रिझल्ट. दहा सेशनचे वीस हजार आधीच घेतले. कुणी कान तपासला नाही, छातीचा एक्स-रे नाही, फोन आत न्यायला परवानगी. तिसऱ्या वेळी कानात सुरी खुपसल्यासारखं झालं, आतून हात आपटले तेव्हा दोन मिनिटांनी कुणीतरी आलं. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हा मला हेही कळत नव्हतं की त्या पिशवीत दाब जेमतेम १.३ पटीपर्यंत जातो आणि हॉस्पिटलातलं चेंबर ही वेगळीच वस्तू आहे.

न्यूरो मॅडमना भीत भीत सांगितलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "हे बघा, तुमच्या त्रासासाठी ह्याचा पक्का पुरावा नाही. पण करायचंच ठरवलं असेल तर खऱ्या चेंबरमध्ये, डॉक्टरांच्या देखरेखीखाली करा, आणि फिजिओ एक दिवस सुद्धा सोडू नका." शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं.

मग अंधेरीच्या बाजूला एक हॉस्पिटल मिळालं. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत कबूल केलं की हा उपचार ज्या आजारांसाठी मान्य आहे त्या यादीत कन्कशन नाही. यादीत काय आहे ते पण सांगितलं, पाणबुड्यांना वर येताना होणारा आजार, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, डायबेटिसच्या पायाच्या काही जखमा, रेडिएशननंतर हाडाला नाहीतर आतल्या अवयवांना झालेली इजा, अचानक आलेला बहिरेपणा. ते म्हणाले, "तुम्हाला देतोय ते ऑफ-लेबल आहे, सही करताना हे समजून करा. इन्शुरन्स मिळणार नाही." एका सेशनचे साडेतीन हजार, चाळीस सेशन, एक लाख चाळीस हजार. आम्ही एफडी मोडली. मला ते डॉक्टर आवडले, कारण ते पहिले होते ज्यांनी विकायचा प्रयत्न केला नाही.

तपासण्या बऱ्याच झाल्या. छातीचा एक्स-रे, कारण फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असेल तर दाबात जाणं जिवावर बेतू शकतं. कानाचे पडदे बघितले, फिट येते का, दमा आहे का, साखर किती, कुठली औषधं चालू, सगळं.

चेंबर म्हणजे जाड पारदर्शक अॅक्रिलिकची आडवी नळी, आत सरकणारं स्ट्रेचर. चालवणारे काका नौदलात डायव्हिंगच्या कामावर आयुष्य काढून रिटायर झालेले, मूळचे मालवणकडचे. सेशनला ते "डाइव्ह" म्हणायचे. पहिल्या दिवशी मी घाबरून थरथरत होते तेव्हा त्यांनी स्टूल ओढून समोर बसून समजावलं. "मॅडम, आपण इथे बसलोय तो समुद्रसपाटीचा दाब, तो एक धरा. तुम्हाला मी दीडवर नेणार. म्हणजे मालवणच्या समुद्रात पाच मीटर खाली. पोरं तिथे शिंपल्या काढायला जातात." एवढं ऐकून माझा श्वास जरा खाली बसला.

आत जाण्याआधीची तपासणी एकदम कडक. केसांना तेल चालत नाही, मी तर रोज खोबरेल लावणारी, पहिल्या दिवशी परत पाठवलं, न्हाऊन या म्हणून. काजळ नाही, नेलपॉलिश नाही, टिकली नाही, गजरा, अत्तर, क्रीम काही नाही, सिंथेटिक कपडा अंगावर नाही, त्यांचा सुती गाऊन घालायचा. मंगळसूत्र, अंगठी काढून यांच्या हातात. मनगटाला एक पट्टा बांधतात, त्याची वायर जमिनीला जोडलेली, अंगावरच्या स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून. काका रोज, अगदी रोज, खिसे आणि केस बघायचे, चाळीस दिवसांत एकदाही "कालच बघितलं" असं झालं नाही. १९९७ मध्ये इटलीत मिलानच्या एका चेंबरमध्ये कुणाच्या तरी जवळच्या हात शेकायच्या वस्तूमुळे आग लागली आणि आतली अकरा माणसं गेली, हे त्यांनीच सांगितलं.

दार बंद होतं, फुस्स असा आवाज सुरू होतो, आणि गरम व्हायला लागतं. सायकलचा पंप मारताना नळी तापते तसंच, दाबलेली हवा तापते. मग कान. विमान उतरताना होतं त्याच्या दुप्पट-तिप्पट. "नाक धरा, तोंड मिटा, हळूच फुंकर मारा, जोर नको," काका इंटरकॉमवरून बोलत राहायचे, आणि मी हात वर केला की दाब तिथेच थांबवायचे. कानात टक्क झालं की मोकळं. दहा मिनिटांत खाली, मग साठ मिनिटं नुसतं पडायचं, मग दहा मिनिटांत वर, वर येताना थंडी वाजते. आत मास्क वगैरे नव्हता, आख्ख्या नळीत ऑक्सिजन भरलेला. बाहेर टीव्ही लावायचे तो मी बंद करायला सांगितला. एक तास कुणी हाक मारत नाही, फोन नाही, उजेड मंद, एकसारखा बारीक आवाज. लग्नाला अठरा वर्षं झाली, आमची खोली दहा बाय बारा आणि आम्ही चौघं, असा तास मला कधी मिळाला नव्हता. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय, पुढे कामाला येणार आहे.

आता ह्यात होतं काय, तर आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन साध्या हवेतच ९७-९८ टक्के भरलेलं असतं, त्यात अजून ऑक्सिजन कोंबायला जागाच नाही. पण दाब वाढवला की सोड्याच्या बाटलीत गॅस विरघळतो तसा ऑक्सिजन सरळ रक्ताच्या पाण्यात विरघळतो. दीडपट दाब आणि शुद्ध ऑक्सिजन म्हणजे साध्या हवेच्या सातपट ऑक्सिजनचा जोर. डायबेटिसच्या जखमेला, जिथे रक्त पोचत नाही, तिथे ह्याचा उपयोग समजतो. वेटिंगमध्ये एक काका यायचे बोरिवलीहून, पायाचा अंगठा कापायचा ठरलेला, माझ्या डोळ्यांसमोर जखमेला लाल कोवळं मांस भरत आलं, ड्रेसिंगच्या वेळी ते सगळ्यांना बोलावून दाखवायचे. एक मावशी होत्या, गर्भाशयाच्या कॅन्सरच्या रेडिएशननंतर लघवीतून रक्त जायचं, ते थांबत आलं होतं. त्यांचं बघून मला वाटायचं, माझीही आत एक जखम आहे, ती पण अशीच भरत असणार. फक्त माझी कुणाला दाखवता येत नव्हती, मला स्वतःला सुद्धा.

म्हणून मी माझं एक माप ठरवलं. चर्नी रोड ते अंधेरी स्लो गाडी, सकाळी अकराच्या सुमाराची, उलट्या दिशेची म्हणून बसायला मिळायचं. गाडीत डोळे उघडे ठेवले की खिडकीबाहेर पळणारे खांब आणि उजेड-सावली ह्याने मला घेरी यायची. तर कुठल्या स्टेशनपर्यंत डोळे उघडे ठेवू शकते ते रोज वहीत लिहायचं. ९ डिसेंबरला पहिल्या दिवशी गाडीने चर्नी रोड सोडलं आणि मी डोळे मिटले ते अंधेरीलाच उघडले, नणंद हाताला धरून होती. दहाव्या सेशनपर्यंत महालक्ष्मी. एकोणिसाव्याला, म्हणजे जानेवारीच्या ३ तारखेला, दादर. दादर आलं तेव्हा मी तिचा हात दाबला आणि आम्ही दोघी रडलो, समोरची मटार सोलत बसलेली बाई घाबरून बघायला लागली.

आणि मग मला सर्दी झाली. नाक बंद तर कान मोकळा होत नाही, कान मोकळा होत नाही तर पडद्याला इजा, त्यामुळे डॉक्टरांनी सरळ सांगितलं, नाक मोकळं होईपर्यंत येऊ नका. संक्रांतीपर्यंत घरी. मी हवालदिल. वाटलं मिळवलेलं सगळं जाणार. ऑक्सिजन नाही तर नाही, म्हणून त्या दिवसांत चौपाटीवरचं चालणं वीस मिनिटांवरून पस्तीसवर नेलं, पेन्सिलचा व्यायाम दोनदाऐवजी तीनदा केला, दुपारी मुलगी अभ्यासाला बसायची तेव्हा मी शेजारी डोळे मिटून तासभर पडायचे आणि घरात कुणी बोलायचं नाही हे सासूबाईंनी स्वतःहून ठरवलं. पंधरा तारखेला परत गाडीत बसले. दादर गेलं. माटुंगा रोड गेलं. माहीमच्या खाडीवर पाणी चमकतं ते मी सहा महिन्यांत पहिल्यांदा बघितलं. वांद्र्याला डोळे मिटले.

दादर ते वांद्रे, तीन स्टेशनं, आणि मधल्या अकरा दिवसांत एकही सेशन नाही.

त्या दिवशी नळीत पडल्या पडल्या मला आनंद व्हायला हवा होता, पण मी त्या आकड्यावर अडकले. घरी येऊन बावीस लक्षणांचे जुने कागद काढले. ऑक्टोबरचे ७१. आणि पहिल्या सेशनच्या आदल्या दिवशीचे ५८. म्हणजे ऑक्सिजनचा एक श्वासही घ्यायच्या आधी, नुसत्या फिजिओ आणि चालण्याने, दोन महिन्यांत तेरा उतरले होते. ते मी विसरूनच गेले होते, सगळं श्रेय मनातल्या मनात नळीला देऊन टाकलं होतं.

मग पुढच्या भेटीत डॉक्टरांना नीट विचारलं, अभ्यासांत काय निघालंय. त्यांनी अर्धा तास दिला. २०१३ मध्ये इस्रायलमध्ये ५६ पेशंटवर केलं, दीड दाब, साठ मिनिटं, चाळीस सेशन, म्हणजे माझंच वेळापत्रक, त्यात सुधारणा दिसली. पण तिथे ज्यांच्याशी तुलना केली त्यांना आधी नुसतं थांबवून ठेवलं होतं, त्यांना नळीत घातलं नव्हतं. अमेरिकेच्या सैन्याने मग ते केलं. २०१५ चा अभ्यास, ७२ सैनिक, तीन गट. एका गटाला खरा ऑक्सिजन दीड दाबावर, दुसऱ्याला तशाच चेंबरमध्ये तेवढ्याच वेळा नेलं पण साधी हवा आणि दाब जेमतेम १.२, तिसऱ्याला नेहमीचे उपचार. चेंबरमध्ये गेलेले दोन्ही गट तिसऱ्यापेक्षा सुधारले, आणि त्या दोघांत फरक निघाला नाही. साधी हवा घेणारे पण तेवढेच बरे वाटले! २०१८ च्या आणखी एका अभ्यासात ७१ जणांमध्ये ऑक्सिजनवाल्यांना आधी फायदा दिसला, झोप, तोल वगैरे, पण सहा महिन्यांच्या पुढे तो टिकला नाही.

ह्यावर दोन्ही बाजूंचं म्हणणं आहे. ऑक्सिजनच्या बाजूचे म्हणतात की १.२ ची साधी हवा सुद्धा अगदीच काही नाही असं नसतं, त्यात पण ऑक्सिजन थोडा वाढतोच. मी आकडेमोड करून बघितली, ते साधारण पंचवीस टक्के ऑक्सिजनच्या हवेसारखं होतं, आपली नेहमीची एकवीस. एकवीसवरून पंचवीसवर गेल्याने जे होतं तेच सातपटीने पण होतं, हे माझ्या मनाला पटत नाही. दुसरी बाजू म्हणते की फायदा त्या सगळ्या सोपस्काराचा आहे. रोज ठरलेल्या वेळी उठून जायचं, कुणीतरी तुमचं दुखणं खरं मानून तुमची काळजी घेतंय, एक तास शांत पडायचं. मला हे ऐकून राग यायला हवा होता कदाचित, पण मला माझ्या मोरीतली अनंत चतुर्दशी आठवली आणि काकांचा इंटरकॉमवरचा "मॅडम, ठीक ना?" आठवला, आणि मला ते अजिबात क्षुल्लक वाटलं नाही.

मी सोडलं नाही, पैसे भरलेले होते आणि खरं सांगायचं तर हिंमत नव्हती. बत्तीस झाले त्या शुक्रवारी, ३१ जानेवारीला, अमेरिकेत मिशिगनमध्ये एका सेंटरच्या चेंबरमध्ये आग लागून पाच वर्षांचा मुलगा गेला. आई बाहेर होती, तिचे हात भाजले. त्याला ज्या तक्रारींसाठी आत घातलं होतं त्याही मान्य यादीतल्या नव्हत्या. शनिवारी बातमी वाचली आणि दोन दिवस जेवण गेलं नाही. सोमवारी गेले तेव्हा काकांचा चेहरा उतरलेला होता. त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ माझे केस, कान, नखं बघितली, पट्ट्याची वायर स्वतः हाताने तपासली, आणि म्हणाले, "आज नको वाटत असेल तर मी वर सांगतो." मी गेले आत. पण त्या तासाला झोप लागली नाही, सारखी ती आई डोळ्यांपुढे.

फेब्रुवारीच्या १२ तारखेला चाळीसावं झालं. त्या दिवशी अंधेरीपर्यंत डोळे उघडे. लक्षणांच्या कागदावर मार्क २२. मे महिन्यापासून दुकानात पूर्ण वेळ बसते, स्क्रीनवर सलग पाऊण तास काम होतं, मग उठून पाच मिनिटं बाहेर. पाऊस भरून आला की कपाळाच्या वर अजून जड होतं. यंदा गणपतीत गॅलरीत उभी राहिले, कानात बोळे घालून, पण उभी राहिले. शटरच्या पट्टीवर फोम लावून पिवळा पट्टा मारलाय.

तर त्या लालबागच्या ताईंना मी हे एवढं सगळं पाठवलं आणि खाली लिहिलं, बांगड्या लगेच मोडू नका. आधी मुलाला न्यूरोकडे दाखवा, बावीस लक्षणांचा तो कागद भरून घ्या, फिजिओ दोन महिने नीट होऊ दे, पथकातल्या पोरांना सांगा त्याला घाबरट म्हणू नका, त्याचं खरंच दुखतंय. पिशवीवाल्या सेंटरला तर पायरीही चढू नका. एवढं करूनही अडलं आणि पैसे गेले तरी चालतील अशी परिस्थिती असेल, तर खऱ्या चेंबरचे डॉक्टर आहेत, त्यांना विचारा, ते खरं सांगतील.

अर्ध्या तासाने त्यांचा परत फोन. सगळं वाचलं म्हणाल्या. थोडा वेळ गप्प, मग म्हणाल्या, "ताई, पण तुमची ती स्टेशनं… दादरपर्यंत तुम्ही नळीमुळेच पोचलात की नाही, मनापासून सांगा ना." मागे मुलगा कुणावर तरी ओरडत होता, टीव्ही बंद करा म्हणून.

मी म्हटलं, मनापासून सांगते, मला नाही सांगता येत. गुरुवारी त्याची न्यूरो मॅडमकडे अपॉइंटमेंट घेतलीय. करी रोडच्या जिन्याखाली दहा वाजता भेटायचं ठरलंय, त्याला म्हटलं गॉगल आणि टोपी घालून ये, आणि टॅक्सीत मागे मधे बस, समोर बघ, बाजूच्या खिडकीतून बघू नकोस.